दोन्हीकडची मावशी

मावशी बोलताना समोरच्याचं मनगट धरायची, डॉक्टर नाडी बघतात तसं. एकदा धरलं की तिचं बोलणं संपेपर्यंत सुटका नसे, आणि तिचं बोलणं लवकर संपत नसे. उंच, धिप्पाड, काळीभोर बाई, डोक्याला नेहमी रंगीत फडकं. पहिल्याच रविवारी उपासनेच्या हॉलच्या दारात तिने मला असं पकडलं आणि विचारलं, "टीचर आहेस ना? चालण्यावरून कळतं. घरी कोण कोण?" तुमच्या आजोबांच्या आजारपणापासून ते तुम्हा दोघांच्या नावांपर्यंत सगळं तिने माझ्याकडून काढून घेतलं. पुढच्या रविवारी तिने तुमची नावं घेऊन प्रार्थना केली. तुम्ही तेव्हा तिकडे कॅनडात हॅलिफॅक्सला बर्फ तुडवत शाळेत जात होता. ॲडलेडमधली एक परकी बाई तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे, हे तुम्हाला कुठून कळणार? म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

आजोबा गेल्यावर मी तुमच्या मामाकडे ॲडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरात राहायला आले, ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षं होती. युनिव्हर्सिटीच्या आसपास एकेका भाड्याच्या घरात सहा-सहा मुलं राहत. नगर-जालन्याकडची आपली ख्रिस्ती मुलं होती, केरळची होती, आणि केनिया, घाना, नायजेरियाचीही होती. या सगळ्यांची मिळून एक मंडळी रविवारी सकाळी एका लहानशा हॉलमध्ये उपासनेला जमायची. पाळक उपदेशाला महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी मनन, म्हणजे छोटा उपदेश, मावशी सांगायची. ती मूळची जमैकाची, निवृत्त नर्स. नवरा घानाचा होता, तो ॲडलेडलाच वारला. मूलबाळ नाही. "देवाने मला मुलं थेट नाही दिली," ती म्हणायची, "स्टुडंट व्हिसावर पाठवली."

आफ्रिकेची मुलं तिला 'मामा' म्हणत आणि आपली 'मावशी'. आपल्याकडे मामा कोणाला म्हणतात हे जालन्याच्या संकेतने तिला एकदा समजावून सांगितलं, तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दोघंही आईच्याच घरचे ना? मग दोन्ही मीच."

तिचं मनन कधी दहा मिनिटांच्या वर गेलं नाही. आधी पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग तिच्या जमैकाच्या आजीची एक म्हण, मग घानाच्या सासूची एक. तिच्या म्हणींत बकऱ्या असत, सरपण असे, पुराची नदी असे, आणि फिरून फिरून सगळं एकाच ठिकाणी येई: एका घरचे आहात, एकत्र राहा. त्या म्हणी मी इथे लिहीत नाही. लिहून पाहिल्या, पण माझ्या मराठीत आल्या की त्या शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारख्या दिसतात. तिच्या तोंडी त्या कोणीतरी घरून पाठवलेल्या निरोपासारख्या वाटत. एखादं मूल मान खाली घालून बसलं की समजायचं, निरोप पोचला.

भांडणांचा निकाल ती स्वयंपाकघरात लावायची. उपासनेनंतर सगळ्यांचं जेवण असे, आणि भाताचं एक भलंमोठं पातेलं. एकदा संकेत आणि त्याच्या घरात राहणारा घानाचा मुलगा, दोघांचं सुक्या मासळीच्या वासावरून बोलणं बंद झालं. मावशीने दोघांना सिंकपाशी उभं केलं. भात परातींत काढून झाला होता; एकाने रिकामं पातेलं धरायचं, दुसऱ्याने घासायचं, आणि ते लख्ख होईपर्यंत कोणीही ताट घ्यायचं नाही. चाळीस माणसं भुकेली उभी.

"मावशी, याच्याशी मी बोलणार नाही," संकेत म्हणाला.

"बोलू नकोस. नीट घास."

"ब्रो, बुडाशी राहिलंय," दुसरा म्हणाला.

"दिसतंय मला! तू नीट धर ना!"

"बोलला!" मावशी ओरडली आणि अख्खा हॉल हसला.

पुढच्या वर्षी चाळिसांची नव्वद माणसं झाली. मुलं दाराबाहेर उभी राहू लागली. आपल्या मुलांना मराठी गीतं हवी होती, आफ्रिकेच्या मुलांना ढोल आणि लांब प्रार्थना. कोणाची दुपारची शिफ्ट असे, कोणाची सकाळची. यावर उपाय मी काढला. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलेली बाई मी. एका कागदावर दोन रकाने आखले: दहाची उपासना आफ्रिकेच्या आणि केरळच्या मुलांची, बाराची मराठी गीतांची, आपली. गर्दी नाही, गोंधळ नाही. सगळ्यांना पटलं. "ऑसम, आंटी!" मुलं म्हणाली. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मावशीने मात्र माझं मनगट धरलं. "टीचर, हे नको करू. बाहेर उभी राहू देत. एक घर दोन केलंस तर मी कुठे राहू?"

"तुम्ही दोन्हीकडे या की," मी म्हटलं. मला तो अगदी सरळ तोडगा वाटला होता.

ती दोन्हीकडे येऊ लागली. दहाला पुढच्या बाकावर, मग मधल्या वेळात चहा, मग बाराला परत तिथेच. जेवण बंद झालं, कारण दोन गटांच्या मधोमध चूल कोणी पेटवायची? मनन ती दोनदा सांगे, तेच. पण दहाची मुलं बाहेर पडताना बाराच्या मुलांना नुसतं "हाय" करून जाऊ लागली, मग तेही राहिलं. ती दारात मनगटं धरून एकाची दुसऱ्याशी ओळख करून द्यायची. मुलं हसून सोडवून घेत. सगळ्यांना घाई असे.

त्यानंतर मी याद्या केल्या. जो रविवारी आला नाही त्याला सोमवारी फोन करायचा, आजारी असेल तर जाऊन यायचं. बाराची यादी माझ्याकडे, दहाची केनियाच्या ग्रेसकडे. ग्रेस नर्सिंग शिकणारी, माझ्याइतकीच शिस्तीची. मावशीचं नाव दोन्हीकडे होतं. एका नावापुढे दोनदा फोन कशाला, म्हणून मी माझ्या यादीतून तिचं नाव खोडलं. ती आधी दहाला जाते, तेव्हा ती दहाची. ग्रेसने स्वतःच्या यादीतून खोडलं. तिचं म्हणणं, मावशीचा दुपारचा चहा माझ्याकडे असे, तेव्हा ती बाराची. आम्ही एकमेकींना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

हिवाळ्यात दोन रविवार ती बाराला दिसली नाही. दोनदा खेपा घालून दमली असेल, दहाला येऊन घरी जात असेल, असं मी धरून चालले. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी दुकानात भाजी घेताना ग्रेस भेटली.

"मामा बरी आहे ना?" तिने विचारलं. "हल्ली तुमच्याकडेच येते वाटतं."

"आमच्याकडे? ती तुमच्याकडे येते ना?"

आम्ही दोघी टोपल्या तिथेच टाकून मावशीच्या घरी गेलो. शेजारच्या बाईने सांगितलं की तिला न्यूमोनिया झाला होता आणि ॲम्ब्युलन्स येऊन तेरा दिवस झाले. फोन घरातच राहिला होता, म्हणून तिला कोणाला कळवता आलं नाही. पहिल्याच सोमवारी मी फोन केला असता तर तो नुसता वाजत राहिला असता, आणि कोणी उचलला नाही म्हणून तरी मी आले असते.

हॉस्पिटलमध्ये नर्सने आम्हाला विचारलं, "तुम्ही तिची फॅमिली का? ती रोज सांगते, माझी माणसं येतील, बरीच आहेत, तुम्हाला खुर्च्या पुरणार नाहीत. आम्हाला वाटलं, भ्रमात बोलते आहे."

मावशी अर्धी झाली होती. डोक्याला फडकं नव्हतं. पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहिले. ग्रेस रडू लागली. मी याद्यांचं सगळं सांगून टाकलं, ग्रेसने कसं खोडलं, मी कसं खोडलं, सगळं. मावशी म्हणाली, "तुम्हा दोघींचा हिशोब बरोबरच होता, टीचर. मीच दोन्हीकडे बसत होते." तिला धाप लागत होती. मी तिचा हात हातात घेतला, तर बोटांत धरण्याची ताकद नव्हती.

ती पाचव्या दिवशी गेली. ते पाच दिवस मुलांची रीघ लागली होती. पण ती बहुतेक वेळ झोपेतच होती.

तिच्यासाठी तरी एकदा सगळ्यांची मिळून एकच उपासना घ्यावी, असं मी सुचवलं. कोणी नाही म्हटलं नाही. दहाच्यांनी सांगितलं, त्यांची बरीच मुलं बाराला शिफ्टवर असतात. बाराच्यांनी सांगितलं, दहाला एवढी माणसं हॉलमध्ये मावणार नाहीत. मोठा हॉल त्या रविवारी मिळत नव्हता. "नो वरीज, आंटी," संकेत म्हणाला, अगदी प्रेमाने. "आपण दोन्हीकडे करू ना."

दोन्हीकडे झाली. दहाला इंग्रजीतून आणि बाराला मराठीतून. मी वेळापत्रक करून दिलं.