मधली चित्रं

नायगावला सातव्या मजल्यावर मी एकटा राहतो. मुलगी लग्न होऊन गेली, तिचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यावर मी विमान उडवायचा खेळ खेळतो. हसणारे हसोत. रोज संध्याकाळी माझी एकच फेरी असते. मुंबईहून उडायचं, खाडी ओलांडायची आणि गिरीज गावावरून जायचं. तिथे आमची केळीची वाडी होती. आम्ही भावांनी मिळून ती विकली. सही माझीही आहे.

कॉम्प्युटर म्हातारा, त्यामुळे नेमकं गिरीज आलं की चित्र अडखळायचं. थोडी झाडं दिसायची, मग एक झटका बसायचा आणि एकदम समुद्र. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, फ्रेम जनरेशन चालू करा. दोन चित्रांच्या मधलं चित्र कॉम्प्युटर स्वतः बनवून घालतो." तिने सांगितलं तसं केलं.

विमान अलगद सरकत गेलं आणि गिरीज पहिल्यांदाच सलग दिसलं. विहीर नव्हती, केळीतले पाट नव्हते. खेळाने आपल्या मनाने लावलेले एकसारखे माड तेवढे होते. मी दोनदा विमान वळवून पाहिलं.

विहीर, रहाट, पाटात पाय धुणारी आई, हे सगळं त्या झटक्यात होतं. ती मधली चित्रं इतके दिवस मीच घालत होतो.

रविवारी मुलीने विचारलं, "आता नीट चालतंय ना?"

"एकदम," मी म्हणालो. ते फ्रेम जनरेशन बंद करून टाकलंय, हे तिला सांगितलं नाही.