तिसरा बगळा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये मी झाडलोट करायचे. तिथे एका जपानी चित्रकाराची चित्रं लागली होती. पक्षी, फुलं, सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं. लोक यायचे, "वा!" म्हणायचे आणि पंख्याखाली बसायचे.

एक पेन्शनर गृहस्थ मात्र रोज छत्रीच्या टोकाने लांबूनच पक्षी मोजायचे. एके दिवशी त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "चित्राचं नाव 'तीन बगळे'. प्रत्यक्षात दोन. खुलासा व्हावा."

ते वाचून हॉलचे चिटणीस त्यांच्यादेखतच माझ्यावर धावून आले. "बाई, तिसरा बगळा ओल्या फडक्याने पुसलात की काय? उद्यापासून येऊ नका."

मी कुणापुढे तोंड उघडत नाही. पण कामच सुटत होतं. त्या गृहस्थांना म्हटलं, "साहेब, फरशी पुसताना मला तिसरा रोज दिसतो. खाली बसून बघा."

ते गुडघे धरत बसले. तिथून पांढऱ्या कागदावरचा पांढरा बगळा चमकत होता. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

मग वहीत लिहिलं, "बगळा सापडला. बाई निर्दोष. चिटणिसांनी एकदा फरशी पुसून पाहावी."