बाहुली मोठी करणारं औषध

११ फेब्रुवारी २००१, रविवार. रक्कम अठ्ठावीस रुपये, डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका बाटलीची. जागा मंचरमधलं एक मेडिकल. हजर तिघं: दुकानदार, माझी काकी आणि आमच्या शेजारची म्हातारी. मी हजर नव्हतो. मी जुन्नरला खोलीवर कपडे धूत होतो. हा व्यवहार माझं नाव सांगून झाला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आधी मी जुन्नरला काय करत होतो ते सांगतो. बारावी सायन्सला मला बासष्ट टक्के पडले. डॉक्टर व्हायचा प्रश्नच नव्हता. कॉलेजातल्या एका सरांनी पुण्यातल्या ऑप्टोमेट्रीच्या कोर्सचं सांगितलं. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा द्यायचा आणि आत काही रोग दिसला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवायचं, असं ते काम. तीन वर्षं वर्गात आणि चौथं वर्ष रुग्णालयात, इंटर्नशिप. त्या वेळी आपल्याकडे या कामाचं वेगळं सरकारी लायसन मिळत नव्हतं. पदवी आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरांनी सही केलेलं प्रमाणपत्र, हेच आमचं लायसन. सही झाली नाही तर आधीची तीन वर्षं कुणी विचारत नाही.

या शिक्षणात मला पहिल्यापासून भीती वाटत आली. डोळा पुढून मागे चोवीस मिलिमीटर, म्हणजे इंचापेक्षाही कमी, हे पहिल्या वर्षी शिकलो तेव्हापासून. एवढ्याशा जागेत आपला हात चुकला तर काय, हा विचार जायचा नाही. दुसऱ्या वर्षी अंधाऱ्या खोलीत उजेडाची पट्टी फिरवून नंबर काढायला शिकलो, ते बरं होतं, त्यात कुणाला हात लावावा लागत नसे. तिसऱ्या वर्षी डोळ्याच्या आतला दाब मोजायचं यंत्र आलं. माणसाला उताणं झोपवायचं, डोळा बधिर करायचा आणि ते लोखंडी यंत्र उघड्या डोळ्यावर ठेवायचं. आम्ही ते एकमेकांवर शिकलो. माझ्या जोडीदाराच्या डोळ्यावर ठेवताना माझे हात इतके थरथरले की तो झोपल्या झोपल्या म्हणाला, "तू ठेव रे, पण शिवाजीनगरच्या स्टँडवरची एसटी हलते तसा हलू नको."

चौथ्या वर्षी मला जुन्नरच्या एका लहान नेत्र रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई शस्त्रक्रिया करायच्या आणि आम्ही दोघं इंटर्न आसपासच्या गावांत शिबिरं करायचो. त्या फेब्रुवारीत एका गुरुवारी शिबिर माझ्याच गावात, महाळुंगे पडवळला लागलं. शाळेच्या व्हरांड्यात बाकं टाकली होती. सगळं गाव ओळखीचं, त्यामुळे मी जास्तच घाबरलेलो.

शिबिरात एक रीत होती. ज्याच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, त्याच्या कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. बाहुली मोठी झाली की बाई आतला पडदा आणि मोतीबिंदू नीट बघत. पण पट्टी लावण्याआधी टॉर्चची परीक्षा असे. टॉर्च कानाच्या बाजूनं आडवा धरायचा. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्याची जागा असते. ती खोल असेल तर उजेड पार नाकापर्यंत पसरतो. उथळ असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. अशा उथळ डोळ्यात ते थेंब गेले तर आतलं पाणी बाहेर जायची वाट बंद पडू शकते. मग दाब चढतो आणि डोळ्यामागची नस मरते. मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही.

काकीच्या दोन्ही डोळ्यांत सावली पडली.

काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. गावातल्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. शाळेत असताना दुपारचं जेवण मी तिच्याच मशीनशेजारी बसून जेवलो. सुईत दोरा ओवता येईना म्हणून ती शिबिराला आली होती. तिच्या पुढच्या-मागच्या बायकांच्या कपाळांना पट्ट्या लागल्या, तिच्या लागली नाही.

"आन मला रं?"

"तुला नको काकी. तुझ्या डोळ्यात जागा कमी हाय. तुला जवळचा चष्मा देतो."

"जागा कमी? डोळा हाय का गुरांचा गोठा?" रांगेतल्या बायका हसल्या. तशी तिला जोर आला. "सगळ्या गावाला वाटलं आन घरच्याच माणसाला नाय. पुण्याला जाऊन लई सरळ झालाय आमचा डाक्टर."

तिला वाटलं, घरच्यांना आधी दिलं असं कुणी बोलू नये म्हणून मी तिला वगळलं. आमच्याकडे तसं चालतं. लग्नात वाढायला उभा राहिलेला माणूस स्वतःच्या भावकीच्या पंगतीला सगळ्यात शेवटी जातो. मी पुन्हा म्हणालो की तुझ्या डोळ्याला ते औषध चालणार नाही. तिनं मान हलवली. मागे अजून चाळीसेक माणसं उभी होती.

तिच्या मागेच शेजारची म्हातारी होती. तिचा मोतीबिंदू बरोबर मधोमध होता. थेंबांनी बाहुली मोठी झाली तशी त्या डागाच्या कडेनं उजेड आत शिरला आणि तिला माणसांचे चेहरे दिसायला लागले. हे तासा-दोन तासांचं असतं, खरा इलाज ऑपरेशन, असं बाईंनी तिला दोनदा सांगितलं. तिनं फक्त चेहरे दिसल्याचं लक्षात ठेवलं. जाताना व्हरांड्याच्या कडेला पडलेली एक रिकामी बाटली ती पदरात बांधून घेऊन गेली. रविवारी ती बाटली दुकानात दाखवायला घेऊन म्हातारी आणि काकी, दोघी मंचरला गेल्या.

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या फोनवर मला बोलावणं आलं. काका होते, आमचे तात्या, गावातल्या बूथवरून.

"काय नाय, तुझ्या काकीला पित्त झालंय. रातभर वकती. डोकं धरून बसलीय. कंची गोळी आणू ते सांग."

"डॉक्टरला दाखवा ना तात्या."

"आज कांद्याला पाणी द्यायचंय. लाइट बाराला जाती. उद्या बघू. आन ही काय तरी निराळंच बोलती, बल्बाच्या भवती रंगीत कडं दिसतंय म्हणं, इंद्रधनुष्यावानी."

पुस्तकातलं ते वाक्य मला पाठ होतं. डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलय, लाल डोळा.

"तात्या, डोळा लाल हाय का?"

"रडून रडून लाल झालाय."

"कुठला?"

"उजवा."

"एकच डोळा रडतो का तात्या?"

मी म्हणालो, कांदे राहू द्या, जीप करा आणि आत्ताच्या आत्ता इथं आणा. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. आयुष्यात त्यांना मी पहिल्यांदाच हुकूम केला होता.

मग मी फाटकात उभा राहिलो. महाळुंग्याहून कळंबला, तिथून नारायणगाव आणि मग जुन्नर, तासाभराचा रस्ता. बाई आत शस्त्रक्रिया करत होत्या. मी दाराच्या फटीतून सांगितलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आली की झोपव, दाब मोज, मला आकडा सांग. दुसरं काही करू नको." दुसरं काही करायचा मला अधिकारही नव्हता. काल कधी सुरू झालं असेल, किती वेळ गेला असेल, हे मी पुन्हा पुन्हा मोजत होतो. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की एवढ्या दाबाखाली डोळा एक-दोन दिवसांत कायमचा जाऊ शकतो. खोटं कशाला सांगू, त्यातच मला माझं प्रमाणपत्रही आठवलं. पण ते येऊन लगेच गेलं. डोळ्यासमोर राहिलं ते शिलाई मशीन.

जीप आली. काकीनं डोक्याला पदर घट्ट आवळून बांधला होता आणि मांडीवर बादली धरली होती. उजवी पापणी सुजलेली. तिला झोपवलं, डोळा उघडला तर बाहुली मोठी, उभी अंडाकृती, आणि टॉर्च मारला तरी हलेना. बुबुळावरचा पारदर्शक पडदा श्वास सोडलेल्या काचेसारखा धुरकट झालेला. मी डोळा बधिर केला आणि यंत्र ठेवलं.

निरोगी डोळा यंत्राच्या वजनाखाली जरा दबतो आणि काटा सरकतो. काटा शून्यावरून हललाच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. तेच. वजन वाढवून ठेवलं तेव्हा काटा जेमतेम थरथरला. तक्त्यात बघितलं तर दाब पन्नासच्या पुढे. असायला हवा एकवीसच्या आत. तो आकडा मी दाराच्या फटीतून बाईंना सांगितला.

बाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "थेंब कुणी घातले?"

काकी डोळे मिटूनच म्हणाली, "म्या घातलं. ह्यानं नव्हतं दिलं, म्हणून म्या घेतलं."

"दुकानदारानं चिठ्ठीशिवाय दिलं?"

"म्या म्हणलं, आमचा पुतण्या डोळ्याचा डाक्टर हाय, त्यानंच सांगितलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काकीनं एक डोळा किलकिला केला. "त्याला नगा बोलू बाई. त्यानं दोनदा नाय म्हणलं व्हतं. मला वाटलं, लोकांना भिऊन नाय म्हणतोय."

शिबिराच्या कागदावर तिच्या नावापुढे मी 'सावली, थेंब नाहीत' असं लिहिलेलं होतं. बाईंनी तो कागद मागवला नाही. त्या म्हणाल्या, "सलाइन लाव म्हणावं सिस्टरला," आणि कामाला लागल्या.

दाब उतरवणारं सलाइन भरभर सोडलं. गोळ्या दिल्या. लिंबू पिळून एक गोडमिट्ट औषध पाजलं, ते तिनं अर्धं बादलीत काढलं. बाहुली लहान करणारे थेंब थोड्या थोड्या वेळानं घालायचे होते. ते बाईंनी मला घालायला सांगितले. तिची खालची पापणी धरली तेव्हा ती म्हणाली, "आता देतोस व्हय."

"हे निराळं औषध हाय काकी."

"जाईल का रं डोळा?"

मला माहीत नव्हतं. "बाई बघतायत" एवढंच म्हणालो. तिला ते उत्तर कळलं. तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही, त्यामुळे दुसरे थेंब मला डाव्या हातानं घालावे लागले. काका बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मधेच आत येऊन विचारून गेले, "कांद्याचं पाणी बंद करून आलो, बरं केलं ना?" कुणाशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. मी मान हलवली.

दुपारच्या मोजणीत काटा थोडा हलला. तिसऱ्या प्रहरी आणखी. डाव्या डोळ्याला झटका आलेला नव्हता, पण टॉर्चखाली सावली होतीच आणि त्यातही तिनं थेंब घातले होते. म्हणून मी उजव्यापेक्षा डाव्याकडेच जास्त बघत होतो. आता हा जातो की मग, असं प्रत्येक वेळी वाटे. संध्याकाळी उजव्याचा दाब अठ्ठावीसवर आला आणि उलट्या थांबल्या. बाईंनी तिचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि विचारलं, "माझी बोटं किती?"

काकी बघत राहिली.

"तीन," ती म्हणाली. "आन नेलपालिश उडालंय."

बाई हसल्या. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

दोन दिवसांनी दाब पुरता उतरल्यावर बाईंनी दोन्ही डोळ्यांच्या रंगीत पडद्याला वरच्या कडेला बारीक छिद्र केलं. वाट बंद झाली तरी पाण्याला दुसरी वाट राहावी, म्हणून. आठवड्यानं मी तिला तक्त्यासमोर बसवलं. डाव्या डोळ्यानं ती शेवटच्या ओळीपर्यंत उतरली. उजव्यानं वरून तिसऱ्या ओळीला थांबली.

"ह्याच्या खाली काय हाय?"

"अक्षरं आहेत, काकी."

"मला नाय दिसत."

"दिसणार नाहीत."

उजव्या डोळ्याची तेवढी नस मेली होती. मी ते तिला तसंच सांगितलं, नसेचं, दाबाचं, सावलीचं, सगळं, खाली बसून, टॉर्च माझ्याच डोळ्यावर धरून दाखवत. रांग नव्हती, घाई नव्हती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे उजवा निम्मा आन डावा सगळा. दीड डोळा झाला." मग जवळचा चष्मा लावून तिनं माझ्या शर्टाच्या उसवलेल्या खिशाकडे बघितलं, पिशवीतून सुई काढली आणि दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. मी हात पुढे केला तर तिनं तो झिडकारला. पुढच्या खेपेला दोरा गेला.

रुग्णालयाचं बिल औषधं, सलाइन आणि दोन्ही डोळ्यांची छिद्रं धरून दोन हजार तीनशे दहा रुपये झालं. ते काकांनी खिडकीत भरलं आणि पावती दोनदा वाचून खिशात ठेवली. जीपचे साडेतीनशे ठरले होते. जीपवाला गावचाच होता. त्यानं पन्नास कमी केले. म्हणाला, "तात्या, सीट धुवायचं पन्नास आधीच धरलं व्हतं. पर काकी सगळं बादलीतच वकली." काकांनी त्याला तीनशे रुपये दिले.