साबेराचं खरं साल

साबेराच्या पासपोर्टावर जन्मतारीख आहे एक जून एकोणीसशे पासष्ट. महाराष्ट्रात एका पिढीची निम्मी जनता एक जूनला जन्मली, ती काही देवाच्या मर्जीनं नव्हे. शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तरांना नावं लिहून मोकळं व्हायचं असायचं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर सहा-सात वर्षांचं. साबेराला त्या तारखेनं कधी त्रास दिला नाही. वाढदिवस करायचा नव्हता, पत्रिका काढायची नव्हती. शाळेच्या दाखल्यावरची तारीख पासपोर्टावर गेली, पासपोर्टावरची ओमानच्या रेसिडेंट कार्डावर गेली, आणि ती तारीख घेऊन बाई चोवीस वर्षं मस्कतमध्ये लोकांची मुलं सांभाळत राहिली.

या वर्षी मात्र जानेवारीअखेर त्या तारखेनं तिला गाठलं.

ती राहते मस्कतच्या अल मवालेह भागात, चेन नावाच्या चिनी कुटुंबाकडे. नवराबायको दोघंही समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनीअर. त्यांची मुलगी आनआन चाळीस दिवसांची असताना साबेराच्या हातात आली, ती आता सहा वर्षांची आहे. आईबाप सकाळी सातला जातात ते दिवेलागणीला येतात, तेव्हा पोरीला वाढवलं कोणी हे वेगळं सांगायला नको. पोर घरी चिनी बोलते, शाळेत इंग्रजी बोलते आणि साबेराशी थेट तिच्या गावची, श्रीवर्धनची कोकणी. भाजीबाजारात "नानी, मना कलिंगड हवंय गो" असं ती ओरडली, की रत्नागिरीचे गाळेवाले हातातला तराजू सोडून बघायला येतात.

तर जानेवारीअखेर चिनी नवं वर्ष साजरं करायला चेनसाहेबांची आई आली. वडिलांच्या आईला चिनीत नायनाय म्हणतात. कोकणीत नाय म्हणजे नकार; ही बाई आल्या दिवसापासून दुहेरी नकार निघाली. भात असा शिजवायचा नाय, पोरीला थंड पाणी द्यायचं नाय, ओल्या केसांनी बाहेर न्यायचं नाय. साबेरानं सगळं सोसलं. लेकाचं घर, म्हातारं माणूस बोलणारच. पण एका संध्याकाळी चेनसाहेब व्हिसाचे कागद भरत होते, साबेराचा पासपोर्ट टेबलावर उघडा होता. नायनायला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र कुणालाही येतात. तिनं एकोणीसशे पासष्ट वाचलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि म्हणाली, "साप."

चिनी लोकांत बारा वर्षांचं एक चक्र असतं, प्रत्येक वर्षाला एक प्राणी. ज्याच्या वर्षात जन्मलात तो तुमचा. नवं वर्ष कसं जाईल, कुणाशी जमेल, कुणापासून लांब राहावं, हे सगळं त्या प्राण्यावरून ठरतं. आपल्याकडे मंगळ असतो आणि मूळ नक्षत्र असतं, त्यांच्याकडे उंदीर आणि वाघ. आपण हसायचं कारण नाही. आनआन जन्मली डुकराच्या वर्षात. साबेराला हे पहिल्यांदा कळलं होतं तेव्हा तिनं "तोबा, तोबा, माझ्या पोरीला काय बोलता!" म्हणून कानांवर हात ठेवले होते. त्यांच्यात डुक्कर म्हणजे सुखासमाधानाचं, भरल्या घरचं जनावर, हे चेनबाईंनी समजावल्यावर ती कशीबशी गप्प बसली. मात्र या चक्रात डुकराच्या बरोब्बर समोर कोण बसतो? साप. दोघांचं हाडवैर. त्यातून नुकतं सरत होतं ते वर्षही सापाचं, आणि त्याच वर्षी आनआन बागेतल्या घसरगुंडीवरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हा जवळ कोण होतं? साबेरा.

नायनायनं दोन आणि दोन जोडले. त्याच दिवशी पोरीची गादी साबेराच्या खोलीतून उचलून तिच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या बसपर्यंत नायनाय जाऊ लागली. चौथ्या दिवशी चेनबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. त्या शिकलेल्या बाई, त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

"सिस्टर, आई ऐकत नाहीत," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी चांगलं घर शोधते. न्यू इयरनंतर."

साबेरा म्हणाली, "ओके मॅडम." आणि नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

घराचं तिला भय नव्हतं. चांगली बाई मिळाली तर मस्कतमध्ये लोक दारात गाड्या लावतात. पण पोर? दुसऱ्या घरात पोर असेल, ही नसेल. आणि दुसरं एक होतं, जे ती कुणापाशी बोलली नव्हती. घसरगुंडीच्या दिवशी ती बाकावरची पाण्याची बाटली घ्यायला वळली होती. तेवढ्यात पोर पडली. डॉक्टर म्हणाले, मुलं पडतात. चेनबाई म्हणाल्या, मुलं पडतात. त्या चिनी म्हातारीनं मात्र तिच्या मनातलंच बोलून दाखवलं: तुझ्यामुळे.

शुक्रवारी ती घुब्र्याला लेकीकडे, तूबाकडे गेली. जावई रय्यान नमाजाला गेलेला. तूबानं चहा टाकता टाकता मोबाइलवर सगळे प्राणी काढले.

"अम्मी, सोप्पंय. ससा सांग. सशाचं आणि डुकराचं एकदम मस्त जमतं. तिला सांगायचं पासपोर्ट चुकलाय, मी ससा हाय. कोण बघायला येतंय?"

"रमजान चार दिवसांवर आला आणि मी खोटं बोलू? आणि असल्या गोष्टीसाठी? जनावरांवर भरवसा ठेवणं हराम हाय आपल्यात."

"मग मानत नायस तर रडतेस कशाला?"

"मी मानत नाय. ती मानते. आणि पोर तिच्या घरची हाय, माझ्या नाय." साबेरानं पदरानं नाक पुसलं. "तरी मना सांग तूबा, मी खरंच पासष्टची हाय काय? एक जूनला कोण जन्मतं गो?"

हा प्रश्न साठ वर्षांत तिला कधी पडला नव्हता. आईला जाऊन तीस वर्षं झाली. विचारायला उरली होती एकच: श्रीवर्धनची मोठी फूफू, म्हणजे आत्या, वय त्र्याऐंशी, एक कान बंद, दुसरा तिच्या मर्जीवर चालणारा. तूबानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"फूफू, मी कुठल्या साली झाले?"

"पासष्ट बोल, पासष्ट! पेन्शन मिलते काय?"

"पेन्शन नाय गो. खरं साल सांग."

पलीकडे फूफूनं कोंबड्यांना हुसकलं. मग फूफू म्हणाली, "खरं म्हणशील तर तू भूकंपाची."

"कसल्या भूकंपाची?"

"कोयनेच्या! दुसरा कुठला? रोजे चालू होते. पहाटे सहरीचं खायला उठलेले आम्ही सगले, आणि फल्लीवरची भांडी धडाधडा खाली. मना वाटलं चोर शिरला. तुझी आई पोटुशी, ती उंबऱ्यावर बसली ती उठेचना. तिसऱ्या दिवशी तू झालीस. एवढीशी, मुठीएवढी."

"मग पासष्ट कुठनं आलं?"

"माझ्या लेकीचं, जैबूनचं ते. जैबून तुझ्याहून अडीच वर्षांनी मोठी. ती शालेत जायला निघाली तर तू पायरीवर लोलण घेतलीस. तुझा बाप बोटीवर, आई आंब्याच्या बागेत कामाला. तुना कुठे ठेवणार? ती मास्तरांना बोलली, हिला पण बसवा, जैबूनच्या बरोबरीची हाय. मास्तरांनी कान धरायला लावला. तुझे हात मेले माकडासारखे लांब, पोचला कानाला. घातली जैबूनची तारीख."

"आई खोटं बोलली?"

"मग काय करील? शालेत दुपारला खायला मिलायचं, बागेत काय मिलणार होतं तुना? उन्हाचा तडाखा?"

फोन ठेवल्यावर साबेरानं बोटांवर हिशेब केला. साडेचार वर्षांची पोर सात वर्षांची म्हणून वर्गात बसली होती. पाढे डोक्यावरून जायचे, मास्तर तिला ढ म्हणायचे, आणि ती स्वतःला जन्मभर ढ समजत आली होती. तूबाचं इकडे बोट चालूच. कोयनेचा भूकंप: डिसेंबर सदुसष्ट. मग ती किंचाळलीच, "अम्मी, बकरी! तू बकरी हायस! बकरी आणि डुक्कर, पक्की दोस्ती! आणि येणारं वर्ष घोड्याचं, त्याचंही बकरीशी जमतं!"

"हलू बोल," साबेरा म्हणाली. "ती मानायची हाय अजून."

चिनी वर्षाच्या आदल्या दिवशी दुपारी नायनाय स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी डम्पलिंगसाठी पिठाच्या पाऱ्या लाटत बसली होती. साबेराच्या वाटणीचं, डुकराचं मांस नसलेलं, अंड्याचं आणि पातीचं सारण तिनं वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं कालवलं होतं. तेवढी ती न्यायी होती. घरात दुसरं मोठं कुणी नव्हतं. साबेरानं आनआनला जवळ बोलावलं.

"बाय, नायनायला सांग, माझा पासपोर्ट चुकलाय. मी सदुसष्टची."

आनआननं सांगितलं. नायनायनं लाटणं थांबवलं नाही. पोरीनं तिचं उत्तर आणलं, "ती बोलते, काल साप आणि आज बकरी? गव्हर्मेंटचा कागद खोटा कसा?"

"कागदावर मास्तरांनी लिहिलंय. मास्तर काय माझ्या जन्माला होते? माझी फूफू होती. सांग तिला, जमीन हलली, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी झाले."

आनआनला भूकंपाचा चिनी शब्द येत नव्हता. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवून टेबल गदागदा हलवलं. पाऱ्या सरकल्या, पिठाचा डबा कलंडला. नायनायचं लाटणं थांबलं.

तिनं काहीतरी विचारलं. आनआन म्हणाली, "ती विचारते, किती माणसं मेली?"

हा प्रश्न साबेराच्या अपेक्षेतला नव्हता. "आमच्या गावात कोण नाय," ती म्हणाली. "धरणाकडे पुष्कल. माझी आई उंबऱ्यावर बसून राहिली, ती उठली नाय म्हणे."

नायनायनं हातावरचं पीठ झटकलं. मग हळूहळू बोलायला लागली आणि पोर तुकड्या-तुकड्यानं कोकणीत आणायला लागली. "तिच्या गावात पण हललं होतं. तिची बहीण... घर तिच्यावर पडलं. ती बोलते, ते साल कोण चुकत नाय. कागद चुकतो."

झालं. पुरावा हवा होता तो एवढाच. नायनायनं चष्मा लावला, महिना विचारला, वेळ विचारली. वेळ साबेराला ठाऊक नव्हती. पुन्हा अंगठा पेरांवरून फिरला. या वेळी पुष्कळ वेळ फिरला. आजवर साबेराच्या जन्माचा हिशेब कुणी एवढ्या निगुतीनं मांडला नव्हता. मास्तरांनी तर पानही उलटलं नव्हतं.

"नानी, तू विंटरमधली बकरी हायस," आनआननं निकाल दिला. "विंटरमधे ग्रास नसतं. सगले खातात, मग उरलेलं तुना."

साबेरा हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मानत नव्हती ती, आजही मानत नाही. पण नवऱ्याच्या मागे, सासूच्या मागे, चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या मागे जेवलेल्या बाईला हे कुणी सांगितलं, तर ती काय करणार?

"आता काय बोलते ती?"

"बोलते, या वर्षी घोडा बकरीला गवत दाखवतो. तू जड उचलायचं नाय. लाल मोजे घालायचे. आणि सगल्यांच्या आधी जेवायचं." पोर थांबली. "आणि नानी, ती बोलते, माझा हात मोडला तो तुझ्यामुले नाय. तो साप गेला आता."

साबेरानं कलंडलेला पिठाचा डबा सरळ केला. आनआन मात्र तेवढ्यात पळाली आणि नायनायच्या खोलीतली आपली उशी ओढत साबेराच्या खोलीत घेऊन गेली. नायनायनं ते पाहिलं आणि पुढची पारी लाटायला घेतली.

संध्याकाळी चेनबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, मग दुसरं घर नको ना बघायला?" त्यांचाही जीव भांड्यात पडला होता.

चिनी वर्ष लागलं आणि दोन दिवसांत रमजान सुरू झाला. पहिल्या रोजाच्या दिवशी दुपारी चारला नायनाय डम्पलिंगचा वाफाळता वाडगा घेऊन स्वयंपाकघरात आली आणि साबेरापुढे धरून म्हणाली, खा. एवढं चिनी एव्हाना साबेराला कळत होतं. तिनं हात जोडले. आनआननं शाळेच्या गणवेशातच खुलासा केला, सूर्य जाईपर्यंत नाय. नायनायला हे मुळीच पसंत पडलं नाही. बकरीला सांगितलं काय आणि बकरी करते काय! पण कुणाच्या देवाशी भांडायचं वय तिचं राहिलं नव्हतं. तिनं वाडग्यावर ताटली झाकली, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि सूर्यावर नजर ठेवून बसली.

पाचला आनआननं बिस्किटाचा डबा उघडला, तो नायनायनं बंद करायला लावला. साडेपाचला चेनसाहेब आणि चेनबाई कामावरून दमून आले आणि साहेबांनी ताटलीखालचं एक डम्पलिंग उचललं. नायनायनं मुलाच्या, पंचेचाळीस वर्षांच्या इंजिनीअरच्या, हातावर फाटकन चापट मारली.

"आधी ती," आनआननं सगळ्यांसाठी कोकणीत सांगितलं. "मग तुमी."

मग आईबाप, पोर आणि म्हातारी, सगळे टेबलाभोवती उपाशी बसून राहिले, आणि साबेरा मधे, लाल मोज्यात, संकोचानं अर्धी झालेली. सूर्य बुडताच कोपऱ्यावरच्या मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. तिनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि नायनायनं वाडग्यावरची ताटली उचलली.