मार्लिसबाईंचं शून्य

मार्लिस ट्वाइट अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. सरकारी नोकरीत राहून दहा वर्षांत एकशेवीस हप्ते भरले, की शिक्षणाचं उरलेलं कर्ज माफ होतं. तिचे हप्ते पुरे झाले होते; पण मुख्याध्यापकांनी सहीखाली तारीख घातली नाही, म्हणून माफीचा अर्ज एकदा परत आला होता. तो तिने तारीख घालून घेऊन पुन्हा पाठवला होता.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तिने फोनवर कर्जाचं खातं उघडलं. खरं वाटेना. सफाईवाले ऑर्विलकाका व्हरांड्याची फरशी मेण लावून चकचकीत करत होते. ती त्यांच्याकडे गेली.

"काका, चष्मा लावा आणि वाचा. किती बाकी?"

"शून्य. का गं, नापास झालीस?"

"कर्ज फिटलं, काका!" म्हणत ती पळाली, घसरली आणि थेट मुख्याध्यापकांच्या दारावर जाऊन आदळली.

सहावीच्या पोरी ओरडल्या, "बाई, व्हरांड्यात पळायचं नाही!"

दहा वर्षं तीच हे ओरडत आली होती. "बरोबर. आज शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबणार. शिक्षा!"

"शिक्षा कसली?" काका म्हणाले. "दहा वर्षं ही फरशी घासतोय. आज कुणाला तरी तिची किंमत कळली. पण बुटांचे ओरखडे पडले बघ. मोज्यांवर घसर, त्या टोकापासून."

मार्लिसने बूट काढले.