देवाच्या नावची ठंडाई

भांग घोटणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. हात वरवंट्यावर, कान समोरच्यांकडे. किस्से आपोआप साचत जातात, पाट्यासारखे रोज धुऊन टाकता येत नाहीत! देवासला आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात मी कितीतरी वर्षं भांग घोटली. सगळे मला दादा म्हणत. हे सगळं नव्वद-पंच्याण्णव सालच्या आसपासचं.

* * *

बैठकीत मुख्य दोघं. वकीलसाहेब इथलेच, जुन्या दरबारी घराण्यातले. भास्करराव साताऱ्याहून फॅक्टरीत आलेले, फोरमन.

आमच्याकडे भांगेचं सरकारमान्य दुकान, बोर्ड लावून विक्री. पण त्याच झाडाचा गांजा ओढला की तुरुंग! वकीलसाहेबांना हे पटत नसे. भांगेची गोळी घेतली की ते भाषणाला उभेच राहत. "माणसानं आपल्या घरात, आपल्यापुरतं काहीही घ्यावं. सरकारचं काय जातं?"

एकदा भास्कररावांच्या पत्नी, सुमनवहिनी, दिवा लावायला आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "सरकार राहू द्या, वकीलसाहेब. घर कुणाचं, ते आधी ठरवा!"

त्या दिवशीची सभा तिथेच संपली.

* * *

एका पावसाळ्यात देवळामागे गांजाचं रोप आपोआप उगवलं. चौकीतला हवालदार आला. "ये किसका है, भिया?"

वकीलसाहेब म्हणाले, "महादेव का. लगाओ केस!"

हवालदारानं पिंडीकडे बघितलं. मग बूट काढले, हात जोडले, रोप उपटलं आणि घेऊन गेला. कागद काही केला नाही. नेऊन चौकीच्या मागे फेकून दिलं.

पुढच्या पावसाळ्यात चौकीमागे चांगली कमरेएवढी झाडी!

* * *

वकीलसाहेबांचं ऐकून भास्कररावांनी एकदा खरंच घरी, एकट्यानं गोळी घेतली. वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेलेल्या. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तासाभरानं ते कॉलनीतली एकेक कडी वाजवू लागले. "मी घरातच घेतलीय हं! कुणाला सांगू नका!"

हसलो आम्ही, पण ते महागात पडलं. त्यांच्या मुलीला, वैशालीला, इंदूरचं स्थळ आलं होतं. बातमी तिथवर गेली आणि त्यांनी नकार कळवला. वहिनी देवळात यायच्या बंद झाल्या.

* * *

वर्षभरानं पुण्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, वैशालीलाही मनापासून आवडलेला. पण मुलाचे वडील अबकारी खात्यातले रिटायर साहेब! मुलगी बघायला आले ते नेमके शिवरात्रीला. भांगेच्या दुकानाचा बोर्ड बघून रिक्षातच ताठ झाले म्हणे.

सकाळीच वहिनी माझ्याकडे आल्या. "दादा, आज ठंडाईत भांगेचं पान पडता कामा नये. आणि आमच्या ह्यांना कळता कामा नये, नाहीतर दुकानात पळतील."

मी मान हलवली. बदाम, खसखस, बडीशेप वाटली. रंगासाठी भांगेऐवजी दोन विड्याची पानं.

संध्याकाळी पाहुणे दर्शनाला आले. ठंडाई पुढे केली. साहेब म्हणाले, "यात ते... असतं ना?"

वकीलसाहेब म्हणाले, "देवाच्या नावची आहे. नाही म्हणू नये."

साहेबांनी पिंडीला हात जोडले, डोळे मिटले आणि एका दमात ग्लास रिकामा केला. मग दुसरा. वकीलसाहेब नि भास्कररावांनी तीन-तीन घेतले.

थोड्या वेळानं वकीलसाहेब उभे राहिले, आणि त्यांचं ते आपल्या घरात, आपल्यापुरतं असं सुरू झालं. भास्करराव हसायला लागले, ते थांबेनात. वैशाली आईचा हात धरून उभी. वहिनींचा चेहरा पांढरा.

साहेब खांबाला टेकले. "दादा, हा खांब हलतोय का हो?"

मी म्हटलं, "सावकाश बसा साहेब."

ते बसले. डोळ्यांत पाणी. "आयुष्यभर लोकांच्या पिशव्या तपासल्या हो. आज कळलं, काय हलकं वाटतं!"

वकीलसाहेब खुशीत ओरडले, "मग? आपल्या घरात, आपल्यापुरतं घेतलं तर बिघडलं काय?"

"आपल्यापुरतं?" साहेब एकदम चिडले. "आपल्यापुरतं कशाला? आधी व्याह्यांना द्या!" आणि स्वतःचा ग्लास भरून त्यांनी भास्कररावांच्या हातात दिला.

वैशाली लाजून आईमागे गेली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

मी पाटा धुवायला घेतला.