आईच्या गोळ्या आज बंद झाल्या

मैत्रिणींनो, टीबीच्या गोळ्यांनी आईचं लिव्हर निकामी झालंय. त्यामुळे तिचं रक्त गोठत नाही. आज रायपूरच्या दवाखान्यात प्लाझ्मा चढवला, तरी सुईच्या जागेवरचा कापूस लाल होतच राहिला. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "बेटा, घरवालों को बुला लो."

जेवणानंतर आईने रोजच्यासारखा हात पुढे केला. "काहून वं, आज गोळी नाही देऊन राहिली?"

"बंद झाल्या, आई."

"म्हणजे बरी झाली मी?"

"हव," मी म्हटलं. मला खरं बोलायला तिनेच शिकवलं होतं.

मग ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कौतुकाने सांगू लागली, "माह्या पोट्टीनं एक गोळी चुकू नाही देली."

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला खरं सांगितलं असतं का?